तहानलेला स्लॅब

ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागे याच कॉफीच्या दुकानात ती सांगायला बसलो, तर दोघे जण अर्धा प्याला टाकून उठून गेले. तिसरा उठला नाही, तो केवळ त्याला झोप लागली होती म्हणून. मी आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, नाही म्हणत नाही. एकदा तर मी मेलो म्हणून सांगितलं होतं, आणि माझ्याच घरी सांत्वनाला आलेल्यांना कॉफी वाढली होती. पण अबू नव्वाफच्या स्लॅबची हकीकत म्हणाल, तर तिच्यात माझ्या पदरची एक चिमूट नाही. बसा नीट, आणि मधे बोलू नका.

आमच्या करक गावात मुलगा जन्मला की बाप घराच्या गच्चीवर लोखंडी सळया उभ्या सोडून ठेवतो. पुढं मुलाचं लग्न ठरलं की त्याच सळयांवर वरचा मजला चढतो. त्यामुळं कुणाच्या घरी किती मुलगे बिनलग्नाचे आहेत, हे विचारावं लागत नाही, मान वर केली की पुरे. अबू नव्वाफच्या गच्चीवर बावीस वर्षं सळया उभ्या होत्या. त्यांच्यावर आधी दुपटी वाळली, मग शाळेचे गणवेश वाळले, आणि आता मुलगा नव्वाफ अकबाच्या बंदरात नोकरीला लागल्यावर त्यांच्यावर नुसता गंज उरला होता.

अबू नव्वाफ म्हणजे एकतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस. पार्सलावर नंबर नसेल तर तो त्याला हात लावत नसे. घरात साखरेच्या डब्यालासुद्धा नंबर होता. असा माणूस शांतपणे निवृत्तीचे दिवस काढत असतो, पण म्हणतात ना, घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून! इतर लोक या दोन संकटांच्या मध्ये निदान दहा वर्षं दम खातात. अबू नव्वाफनं दोन्ही एकाच चैत्रात अंगावर घेतली. एप्रिल म्हणा हवं तर.

मुलगी छान होती. रिहाम तिचं नाव. अडचण मुलीच्या बापाची होती. उस्ताद मुन्झिर, रसायनशास्त्राचे शिक्षक. अर्ध्या गावाला त्यांनी नापास केलेलं, उरलेल्या अर्ध्याला नापास करायचं त्यांच्या मनात राहून गेलेलं.

"मला सोनं नको, गाड्यांची मिरवणूक नको," उस्ताद मुन्झिर बैठकीत म्हणाले. "मला फक्त एक कागद हवा."

"कसला कागद, उस्ताद?"

"तुमच्या नव्या स्लॅबचा. एका चौरस सेंटिमीटरवर अडीचशे किलो पेलतो, असा. प्रयोगशाळेचा, सही-शिक्क्याचा. माझ्या घराच्या छताला अकरा भेगा आहेत, अबू नव्वाफ. चौदा वर्षं मी रोज त्या मोजत झोपतो. माझ्या मुलीनं तरी डोळे मिटून झोपावं."

"आणि समजा, कागद नाही मिळाला तर?"

"तर आपण फातिहा वाचलीच नाही असं समजू. लग्नाची बोलणी रद्द."

झालं. पस्तीस दिवसांवर लग्न, आणि काँक्रीटला आपली ताकद दाखवायला अठ्ठावीस दिवस लागतात. अबू नव्वाफनं बोटावर हिशेब केला, सात दिवस हातात उरले. त्याला ते भरपूर वाटले. पोस्टातल्या माणसाला सात दिवस म्हणजे काय, हे कळायला हवं होतं.

स्लॅब टाकायचा दिवस उजाडला तो खमसिनच्या वाऱ्यानं. तोंड उघडलं की जीभ वाळावी असा गरम, कोरडा वारा. प्रयोगशाळेतून अरवा नावाच्या इंजिनीअर बाई आल्या. वयानं लहान, पण नजर अशी की कामगारांनी सिगारेटी न सांगता विझवल्या. बाईंबरोबर पत्र्याचा एक शंकू होता आणि लोखंडाचे नऊ चौकोनी साचे होते. काँक्रीटची पहिली गाडी आली. बाईंनी शंकूत काँक्रीट भरलं, सळईनं टोचटोच टोचलं, शंकू अलगद वर उचलला. काँक्रीट जरासं खाली बसलं आणि थांबलं, नव्या सुनेसारखं.

"दहा सेंटिमीटर बसलं. छान आहे, काका," बाई म्हणाल्या.

काकांना इतका आनंद झाला की त्यांनी बाईंना त्याच शंकूत बदाम वाढायला सांगितलं.

दुसरी गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली. शेजारच्या अबू दिरगामची पिकअप आडवी उभी होती. अबू दिरगाम फौजेतून निवृत्त झालेला सार्जंट. हुकूम दिला की तो पाळणार, मग हुकूम काय होता हे तो नंतर विचारणार. पिकअपची किल्ली त्याच्या विजारीत होती, विजार धुवायला टाकलेली होती, आणि कुठल्या बादलीत, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं, जी माहेरी गेलेली होती. दीड तास गेला. उन्हात गाडीचं पोट गरगर फिरतंय आणि आतलं काँक्रीट घट्ट होतंय. शेवटी सहा जणांनी पिकअप उचलून बाजूला ठेवली. हे आधीच का नाही केलं, असं कुणीतरी विचारलं, तर अबू दिरगाम म्हणाला, "हुकूम कुठं होता?"

आता ऐका. इथंच सगळं बुडालं, आणि तेही चांगुलपणानं बुडालं.

काँक्रीटच्या धंद्यातली माणसं माल घट्ट झाला की म्हणतात, 'तहान लागलीय.' ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, "अबू नव्वाफ, तहान लागलीय! जरा पाणी दे!"

करकमध्ये दारात आलेल्यानं पाणी मागितलं आणि यजमानानं ते मोजून दिलं, तर त्याच्या नातवापर्यंत लोक ती गोष्ट काढतात. अबू नव्वाफचा आजा वाटसरूंना पाणी पाजता पाजता स्वतः कोरड्या घशानं वारला होता, असं घरात सांगत. त्यानं धावत जाऊन टाकीचा नळ सोडला आणि पाइपच आणून ड्रायव्हरच्या हातात दिला. "मनसोक्त घ्या. घर तुमचंच आहे."

ड्रायव्हरला हवी होती एक बादली. त्यानं पाइप गाडीच्या पोटात सोडला आणि दोन मिनिटांनी म्हणाला, "बस."

"छे छे! अल्लाची शपथ, आणखी घ्या."

"पुरे, अबू नव्वाफ."

"माझ्या मुलाचं लग्न आहे. आज नाही म्हणायचं नाही."

"अहो, खरंच पुरे!"

"माझ्या वडिलांच्या आत्म्यासाठी थोडं!"

आता तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावर पाहुण्यानं नाही म्हटलं, तर तो अपमान. ड्रायव्हर बिचारा तफीला गावचा, चांगल्या घरातला. त्यानं मान खाली घातली आणि आठवड्याचं पाणी गाडीच्या पोटात जाऊ दिलं. अरवाबाई तेव्हा वर सळया मोजत होत्या. त्यांना कळलं ते पंपाच्या सोंडेतून काँक्रीट पडायच्या ऐवजी वाहायला लागलं तेव्हा. त्या धावत खाली आल्या, पुन्हा शंकू भरला, उचलला. या खेपेस काँक्रीट बसलं नाही. ते आडवं झालं, पसरलं आणि बाईंच्या बुटापर्यंत चालत आलं.

"काका," बाई म्हणाल्या, "हे काँक्रीट नाही. हे मसुराचं सूप आहे."

"वर लिंबू पिळा," अबू दिरगाम म्हणाला.

बाईंनी पंप थांबवला, पण तोवर निम्मी गाडी वर गेली होती. बाईंनी त्याच मालाचे सहा ठोकळे साच्यांत भरले. तीन सातव्या दिवशी दाबून फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या. बाहेरून स्लॅब कसाही दिसो, खरं काय ते हे ठोकळे बोलणार. तोपर्यंत ते पाण्यात बुडवून ठेवायचे. एरवी ते प्रयोगशाळेच्या हौदात ठेवतात.

"पण आमच्या हौदाला भेग गेलीय," बाईंनी कागदांत बघत सांगितलं. "तुम्ही घरीच ठेवा."

प्रयोगशाळेच्या हौदाला! पण शहाणा माणूस सरकारी खात्याला दात विचकून दाखवत नाही. अबू नव्वाफनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ठोकळे साच्यांतून निघाले, बाईंनी तांबड्या रंगानं एक ते सहा नंबर घातले. नंबर बघून अबू नव्वाफला जरा बरं वाटलं. उम्म नव्वाफच्या, म्हणजे नव्वाफच्या आईच्या, धुण्याच्या टबात त्यांची स्थापना झाली. उरलेले तीन रिकामे साचे जिन्याखाली पडले. ते बाई न्यायच्या विसरल्या. तुम्हीही विसरू शकता, उम्म नव्वाफ मात्र विसरली नाही.

भेगा स्लॅब टाकला त्याच दुपारी पडल्या होत्या. स्लॅबवर हात फिरवून तीन तास झाले नाहीत, तोच एक केसाएवढी, मग दुसरी, मग अशी गर्दी झाली की वरून बघताना वाळलेल्या तळ्याचा तळ वाटावा. अख्खी आळी गच्चीवर जमली. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं जमिनीत पाणी आहे. केस कापणारा हाजी मुतलक म्हणाला, ही नदीची आकृती आहे, इथं एखादी जुनी विहीर असणार, खणून बघा. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर!

अरवाबाई गुडघ्यावर बसल्या. "काका, लोकांना वाटतं काँक्रीट वाळून घट्ट होतं. तसं नसतं. ते आतल्या आत पाणी पिऊन घट्ट होतं, महिनाभर. कालवताना जास्त पाणी गेलं, की ते पाणी उडून जातं आणि मागं पोकळी राहते. त्यात या वाऱ्यानं वरचं अंग भराभर सुकवलं. वरचं आक्रसतंय, खालचं अजून ओलं आहे, ते हलायला तयार नाही. मग मधे फाटणारच. आधी तुम्ही त्याला नाका-तोंडात जाईस्तोवर पाजलंत. आता निदान उपाशी ठेवू नका. सात दिवस याच्यावर पाणी मारा. गोणपाट घाला आणि ते सुकू देऊ नका."

"कुठलं पाणी?" अबू नव्वाफनं विचारलं.

बाईंनी टाकीकडे बोट दाखवलं. अबू दिरगामनं टाकीवर मूठ मारली. देवळातली घंटा वाजावी तसा आवाज झाला, म्हणजे तशी आमच्याकडे देवळं नाहीत, पण रिकामी टाकी तशीच वाजते. नळाला पाणी येतं मंगळवारी. तो दिवस होता बुधवार.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. ज्या काँक्रीटला पाणी नको होतं त्याला आठवड्याचं पाणी गेलं, आणि ज्याला हवं होतं त्याच्या डोळ्यांदेखत टाकी कोरडी. अबू नव्वाफ गच्चीच्या कठड्यावर बसला आणि त्यानं डोकं धरलं. पण आळी चांगली. ज्याच्या घरी जे ओलं होतं ते घेऊन लोक आले. तांदूळ धुतलेलं पाणी, मटार उकडलेलं पाणी, लोणच्याचं पाणी, उरलेला चहा. सेजचा सुवासिक पाला घातलेल्या चहाच्या अठरा किटल्या त्या स्लॅबनं प्यायल्या. तिसऱ्या दिवशी गल्लीत शिरलं की वास यायचा, जणू कुणाकडे बारशाला चाललोय. हाजी मुतलकनं दाढीचं साबणाचं पाणी आणलं. ते मात्र बाईंनी परत पाठवलं.

पाणीखात्यात टँकर मागायला गेलं पाहिजे, असं ठरलं. अबू नव्वाफ कोट घालून गेला. खिडकीमागच्या कारकुनानं विचारलं, "पिण्यासाठी का बांधकामासाठी?"

"बांधकामासाठी. पण पिणार तेच आहे."

"बांधकामाला मंजुरीचा आकडा लागतो. नवीन मजल्याचा आकडा मजला पुरा झाल्यावर मिळतो."

"पण पाणी नसेल तर मजला पुरा कसा होणार?"

"ते मजल्याच्या खिडकीत विचारा."

एकतीस वर्षं अबू नव्वाफ स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूला बसला होता. आज पहिल्यांदा त्याला कळलं की बाहेरून खिडकी किती उंच असते. शेवटी कारकुनाला दया आली. तो हळूच म्हणाला, "तातडीचा टँकर एकाच कलमात मिळतो. घरात रुग्ण असेल तर."

खोटं लिहायचं अबू नव्वाफच्या हाताला माहीत नव्हतं. त्यानं खरं तेच लिहिलं. रुग्णाचं नाव: सतह नव्वाफ, म्हणजे नव्वाफचं छत. वय: तीन दिवस. तक्रार: अंग तापतं, त्वचेला भेगा पडतात, पाणी मारलं की बरं वाटतं. कारकुनानं वाचून जीभ चुकचुकवली, "इतकं लहान बाळ!" आणि शिक्का मारला. टँकर आला नवव्या दिवशी, बरोबर खात्यातले दोघे होते. उशीर झाल्यामुळं ते काळे कोट घालून आणि तोंडं पाडून आले होते.

त्याच्या दोनच दिवस आधी पहिले तीन ठोकळे फुटले होते. सातव्या दिवशी निदान पावणेदोनशे यायला हवे होते. आले अठ्ठ्याण्णव. अबू नव्वाफनं तो कागद आतल्या खिशात ठेवला, मग बाहेरच्या, मग टोपीत. कुठंच तो हलका होईना. उस्ताद मुन्झिरना बातमी लागली. ते आले, बरोबर जिप्समची पुडी घेऊन. प्रत्येक मोठ्या भेगेवर त्यांनी पांढरा टिकला लावला, टिकल्यावर तारीख घातली. "टिकला फुटला तर भेग जिवंत. शाबूत राहिला तर मेली." आणि ते निघून गेले.

त्या दिवसापासून अबू नव्वाफचं अन्न तुटलं. सकाळ-संध्याकाळ तो गच्चीवर त्या एकवीस टिकल्यांशी बसून राही. भेग मरावी म्हणून नवस बोलणारा माणूस करकच्या इतिहासात तो पहिलाच. अबू दिरगाम धीर द्यायला यायचा आणि आल्या आल्या टिकल्यावर पाय द्यायचा.

"फुटला रे, अबू नव्वाफ! जिवंत आहे!"

"तू पाय दिलास!"

"पण जिवंत नसती तर माझ्या पायाला कळली असती का?"

नव्वाफचा अकबाहून रोज फोन येई. "बाबा, कसं चाललंय?" "उत्तम, बेटा. अठ्ठ्याण्णव मिळाले." "शंभरपैकी?" बापानं फोन ठेवून दिला.

आता उम्म नव्वाफकडे या. घरात लग्न म्हणजे मन्सफ हवा. भात, मटण आणि त्यावर जमीदचा रस्सा. मेंढीच्या ताकाचा चक्का मिठात घोटून, गोळे करून उन्हात दगडासारखा वाळवतात, तो जमीद. आमच्या करकच्या जमीदसारखा जगात नाही. विहिरीवर भांडण झालं तर माणसं तोच फेकून मारतात. दोनशे पाहुण्यांसाठी गोळे वळायचे म्हणजे हाताचे हाल. उम्म नव्वाफची नजर जिन्याखालच्या तीन साच्यांवर गेली. लोखंडी, स्वच्छ, आत तेल लावलेले! तिनं चक्का त्यांत दाबून भरला, वर सळईनं टोचटोच टोचला, अगदी बाईंनी केलं तसं. दुसऱ्या दिवशी तीन झोकदार चौकोनी जमीद निघाले. गच्चीच्या कोपऱ्यात मलमलीखाली ते तीन आठवडे वाळले. तोच खमसिनचा वारा, तेच ऊन. स्लॅबला जे बाधलं ते जमीदला मानवलं. वरून सिमेंटची धूळ बसली, आणि रंगही तसलाच आला.

सत्ताविसाव्या दिवशी संध्याकाळी उम्म नव्वाफनं जमीद भिजत घालायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी उस्ताद मुन्झिर आणि त्यांची वडीलधारी माणसं जेवायला यायची होती. कागद बघायचा आणि लग्नाची वेळ पक्की करायची. घरात टब एकच. तिनं अबू दिरगामला हाक मारली. "भाऊ, टबातले ठोकळे वर मलमलीखाली ठेवा, आणि वरचे टबात टाका."

"काँक्रीटचे बाहेर राहिले तर चालेल का, वहिनी?"

"सत्तावीस दिवस डुंबलेत. एक रात्र बाहेर राहिले म्हणून काय मरतील?"

हुकूम पाळला गेला. आणि हुकूम पाळला की सार्जंट तो विसरून जातो.

सकाळी अबू नव्वाफ उठला, नमाज केला, टबापाशी गेला. तीन ठोकळे, पण नंबर नाहीत! पाण्यानं धुतले गेले असणार. एकतीस वर्षांत ज्यानं बिननंबरी पार्सल पुढं पाठवलं नाही, तो आज पाठवील का? त्यानं होणाऱ्या सुनेसाठी आणलेली तांबडी नेलपॉलिश घेतली आणि सुबक अक्षरांत घातलं, ४, ५, ६. उचलताना ठोकळे हलके लागले. त्याला वाटलं, आनंदानं अंगात बळ आलंय.

अरवाबाई त्या दिवशी अम्मानला गेल्या होत्या. यंत्रावरच्या माणसाला सर्दी होती, वजनाचा काटा तपासणीला गेलेला होता. चार नंबरचा ठोकळा यंत्रात बसला. काटा हलला. अठ्ठ्याण्णव गेले. अबू नव्वाफनं डोळे मिटले. दीडशे. दोनशे. यंत्र कण्हायला लागलं. अडीचशे! तीनशे! काँक्रीट फुटतं तेव्हा धाडकन आवाज होतो. हा ठोकळा फुटेचना. तो नुसता दबत होता आणि कडेनं तेलकट घाम गाळत होता. यंत्राचा एक बोल्ट उडाला आणि खिडकीतून बाहेर गेला, तो पोस्टाच्या आवारात सापडला. तिन्ही ठोकळ्यांची सरासरी चारशे बारा.

"किल्ला बांधताय का, काका?" यंत्रवाला नाक पुसत म्हणाला आणि शिक्का मारला.

अबू नव्वाफ कागद छातीशी धरून घरी आला. महिन्यानंतर पहिल्यांदा त्याची पाठ ताठ होती. पाहुणे बसले होते. त्यानं कागद उस्ताद मुन्झिरांच्या हातात दिला. उस्तादांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"चारशे बारा?"

"बाहेरून काही दिसत नाही, उस्ताद. ताकद आत असते."

कॉफी आली. उस्तादांनी प्याला हातात घेतला. आमच्याकडे पाहुण्याच्या मनात काही मागणं असेल तर तो प्याला न पिता खाली ठेवतो, आणि मागणं मान्य झाल्यावर पितो. उस्ताद प्याला ओठाशी नेत होते. अबू नव्वाफचा श्वास त्या प्याल्याच्या काठावर बसला होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून उम्म नव्वाफचा आवाज आला. "अहो, जरा इकडं या. हा जमीद विरघळत का नाही?"

झालं होतं असं की सकाळी तिला टब रिकामा दिसला. तिनं अबू दिरगामला विचारलं, "ठोकळे कुठायत?" तो म्हणाला, "वर, मलमलीखाली." ती म्हणाली, "आणा." त्यानं आणले आणि मोठ्या हंड्यात सोडले. एकावर तांबडा पाच दिसला, तर त्याला वाटलं पाच तास शिजवायचं. साडेचार तास झाले होते. त्यात त्यानं मीठ घालून पाहिलं, व्हिनेगर घालून पाहिलं.

उस्ताद मुन्झिर प्याला हातात घेऊनच आत आले. हंड्यात करडा रस्सा रटरटत होता. त्यांनी पळीनं थेंब घेतला, जिभेला लावला. तीस वर्षं रसायन शिकवलेल्या माणसाची जीभ ती.

"चुना," ते म्हणाले.

मग त्यांनी पळी खोल घातली आणि ठोकळा वर आणला. तांबडा पाच लख्ख दिसत होता. उस्तादांनी कागद डोळ्यांसमोर धरला.

"अबू नव्वाफ, या कागदात लिहिलंय, पाच नंबरचा ठोकळा आज सकाळी फुटला."

"हो, उस्ताद."

"मग हा कोण?"

उस्तादांनी ठोकळ्याचा कोपरा दोन बोटांनी दाबला. शिळ्या केकसारखा तो पळीत ढासळला. त्यांनी कॉफीचा प्याला, एक थेंब न पिता, चुलीच्या कडेला ठेवला. "मला खरा कागद हवा," इतकंच म्हणाले आणि माणसांना घेऊन चालू लागले.

पण मंडळी, घाबरू नका! अल्ला मोठा आहे. दुसऱ्याच दिवशी अरवाबाई परत आल्या. त्यांनी स्लॅबलाच भोकं पाडून आतला माल काढला, तो दाबला, आणि काय सांगू, बरोबर दोनशे एक्कावन्न! चहाचा गुण, दुसरं काय. उस्ताद मुन्झिर स्वतः धावत आले, थंड झालेला तोच प्याला एका घोटात प्यायले. ठरल्या दिवशी लग्न लागलं. ढोल वाजले, दोनशे माणसं मन्सफ जेवली, आणि त्या स्लॅबवर अशी नाचली की खालच्या मजल्यावरचं झुंबर झोके घेत होतं, पण भेग म्हणून एक वाढली नाही. आज नव्वाफ आणि रिहाम त्याच छताखाली सुखानं...

"खोटं."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. दारात अबू नव्वाफ उभा होता. रोज याच वेळेला तो इथं कॉफी प्यायला येतो, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं.

"जमीदचं खरं आहे," तो म्हणाला. "चारशे बारा खरे, तो बोल्टही खरा. पण लग्न कुठं झालं रे, म्हाताऱ्या? उस्तादनं रिहाम माअन गावातल्या एका घरात दिली. त्या घराला पत्र्याचं छत आहे. मी विचारलं, हे कसं चाललं तुम्हाला? तर म्हणाला, पत्र्याला भेग जात नाही."